बगळा छाप कौलांची हातोडी

मी एक जुनी लाकडी हातोडी आहे. माझे डोके चिंचेच्या लाकडाचे आणि दांडा बाभळीचा. मित्रांनो, हातोडी म्हटले की तुम्हाला खिळे आठवतील, पण मी आयुष्यात एकही खिळा ठोकलेला नाही. माझ्या अंगात तेवढा जोरच नाही. मला फक्त वाजवता येते. घरावर घालतात ती लाल मातीची कौले मी अकरा वर्षे वाजवली.

माझा जन्म १९४८ सालचा. ठाकुर्लीच्या उत्तरेला, खाडीच्या काठी, हरिहरशेठांनी तेव्हा कौलांचा कारखाना नुकताच काढला होता. चिखल मळायचा हौद, कौले दाबायची दोन यंत्रे, ती वाळत घालायचे मांडव आणि एक मोठी भट्टी, एवढाच पसारा. लोक त्यांना शेठ म्हणत, पण ते मूळचे शाळेतले ड्रॉइंग मास्तर. जागा पाहायला आले त्या सकाळी ओहोटीच्या चिखलात एक बगळा एका पायावर उभा होता. शेठांनी तिथेच तो कागदावर काढला आणि ठरवून टाकले, आपली छाप हीच. राघो सुतारांनी तो बगळा साच्यात कोरला. पहिला बगळा जरा बदकासारखा झाला होता. राघोंना ते कोणी सांगितलेले आवडत नसे.

कल्याणच्या बाजारात लोक हसले. "बगळा छाप? म्हणजे बगळाभगताची कौले!" बगळाभगत तुम्हाला ठाऊक असेल. डोळे मिटून ध्यान करतो आणि मासा दिसला की गिळतो. वरून साधू, आतून लबाड. कामगारांना ती थट्टा लागली. राघो म्हणाले, "शेठ, छाप बदलू या. हत्ती काढतो, वाघ काढतो."

शेठ म्हणाले, "हसू द्या की. नाव आपण ठेवलं. त्याचा अर्थ काय व्हायचा, ते आपल्या कामावर आहे."

पहिली भट्टी उघडली तेव्हा मी अजून चिंचेचा एक ओंडकाच होते. भट्टीतून कौले काढून डोक्यावरून नेणाऱ्या बायकांत आवडाबाई होती. चाळिशीची, उंच, काळीसावळी. तिचे माहेर खाडीच्या खालच्या अंगाला, बाळकुमला, आणि सासर इथेच चोळ्याला. ती प्रत्येक कौल उचलायची, बोटाच्या पेराने टकटक करायची आणि काही कौले बाजूला ठेवायची. शेठांनी पाहिले.

"बाई, ही वेगळी का काढलीत?"

"ही बोलत नाय, शेठ," आवडाबाई म्हणाली. "मडकं घेताना आमी वाजवून घेतो. कौल पन मातीचंच ना?"

शेठांनी तिथेच मांडी घातली. तिच्याकडची दोन कौले घेतली, डोळे मिटले आणि आळीपाळीने वाजवून ऐकली. मग बद्द आवाजाचे कौल त्यांनी दगडावर आपटले. आतला गाभा काळपट आणि कच्चा होता. बाहेरून मात्र दोन्ही कौले सारखीच लाल.

चार दिवसांत आवडाबाईची बोटे सुजली. तेव्हा राघोंनी साचा करून उरलेल्या चिंचेच्या तुकड्यातून मला घडवले. डोके गोल केले, दांडा तिच्या मुठीच्या मापाने तासला, आणि तेल पाजून तिच्या हातात दिले. माझे आयुष्य त्या हातातच गेले म्हणा ना.

कौल पक्के भाजलेले असले की 'खण्ण' असा आवाज येतो आणि तो माझ्या दांड्यातून तिच्या तळव्यापर्यंत जातो. कच्चे असेल तर नुसते 'थप्प'. तडा असेल तर आवाज मध्येच तुटतो. गावाकडे लोक देवाला कौल लावतात. आवडाबाई हसून म्हणायची, "मी कौलालाच कौल लावतय."

पहिल्या भट्टीची खणखणीत कौले शेठांनी बाजारात पाठवलीच नाहीत. ती कामगारांच्या घरांवर गेली. तोवर बहुतेकांच्या डोक्यावर गवताचे छप्पर होते. शेठ म्हणाले, "आधी तुम्ही याच्याखाली झोपा. मग गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते तुमचं तुम्हालाच समजेल."

आणि तसेच झाले. गिऱ्हाईक कारखान्यात येण्याआधी चोळ्याला आवडाबाईच्या घरी जाऊन वर बघू लागले. "गळतं का हो?" असे विचारू लागले. आठवड्याच्या बाजारात कामगारांना 'बगळेवाले' असे नाव पडले. आधी ते चिडवायला होते. दोन-तीन वर्षांत लोक ते नाव आदराने घेऊ लागले.

भट्टी लावणारे धोंडीबा जुन्नरकडचे, मिशाळ, रागीट माणूस. एकदा डोंबिवलीहून कोणी सहज सांगत आले, की एका घराचे कौल ठिबकते. धोंडीबा त्या दिवशी सुटीवर होते. कोणी पाठवले नाही, कोणी विचारले नाही. काखेत एक नवे कौल मारून ते चालत डोंबिवलीला गेले, स्वतः छपरावर चढले आणि कौल बदलून खाली उतरले. घरमालक चहा विचारत होता. धोंडीबा म्हणाले, "च्या नगं. आपला बगळा गळतो म्हंजी काय!"

त्या वर्षांत मी फार सुखी होते. दिवस मावळला की आवडाबाई मला पदराने पुसायची आणि खुंटीला टांगायची.

१९५५ साली शेठांना छातीचे दुखणे जडले. डॉक्टरांनी त्यांना डोंबिवलीच्या घरी विश्रांती घ्यायला बसवले. कारखाना पाहायला त्यांचे पुतणे उत्तमराव आले. मुंबईत एका जाहिरातीच्या कचेरीत त्यांनी काम केले होते. माणूस वाईट नव्हता. खरे सांगायचे तर आमच्या बगळ्यावर त्यांच्याइतके प्रेम फार थोड्यांनी केले असेल. त्यांनी बगळ्याचे रंगीत चित्र काढून घेतले, कॅलेंडरे छापली, आणि कल्याण स्टेशनाबाहेर भली मोठी पाटी लावली : 'बगळा छाप कौले. एकदा घाला, विसरून जा!'

पाटी बघून सगळे खूश झाले. राघोंना बगळा बगळ्यासारखा दिसतो याचे थोडे वाईट वाटले, तेवढेच.

पाटीने काम केले. मागणी दुप्पट झाली. भट्टी थंड व्हायच्या आत दारात बैलगाड्यांची रांग लागे, आणि आवडाबाई एकेक कौल वाजवत बसलेली. उत्तमराव घड्याळ बघत. "आवडाबाई, आता दहातलं एक वाजवत जा," ते म्हणाले. पुढे शंभरातले एक झाले. मग एक दिवस म्हणाले, "आपली कौलं चांगली आहेत हे आता सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही गाडीत कौलं रचायच्या कामावर या."

आवडाबाईने मला खुंटीला टांगले. चार दिवसांनी कचेरीचे दार वाऱ्याने आपटत होते, तेव्हा कोणीतरी मला काढले आणि दाराखाली पाचर म्हणून सरकवले. मित्रांनो, तिथे मी आठ महिने होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला मला लागत. माझ्या डोक्याची एक कड झिजली ती कौलांनी नव्हे, फरशीने झिजली. बाहेर कौले गाडीत चढत. एकमेकांवर टेकताना त्यांचा आवाज व्हायचा आणि मी पडल्या पडल्या ओळखायचे. हे पक्के. हेही पक्के. हे मात्र नाही. पण मला विचारणार कोण?

पुढच्या वर्षीच्या वैशाखात बाळकुमच्या शाळेची कौले करायचे काम आले. ते घेऊन आला होता परशुराम, आवडाबाईचा थोरला भाऊ. तो मिठागरावर काम करायचा. गावाने आपल्या हातांनी शाळेच्या भिंती उभ्या केल्या होत्या. मुले तोवर देवळात बसत. कौले खाडीतून मचव्याने, म्हणजे मोठ्या होडीने न्यायची होती, आणि बाळकुमच्या धक्क्याला मोठा मचवा लागतो तो पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणालाच. पौर्णिमेचे उधाण ठरले. आवडाबाईच्या माहेरचे काम म्हणून सगळ्यांनी हौसेने कौले दाबली. पण मागणीच्या घाईत भट्टीचे लाकूड वाळायला वेळच मिळाला नव्हता. ओल्या लाकडाचा नुसता धूर होत होता. धोंडीबांनी आणखी दोन दिवस आच मागितली. उत्तमराव म्हणाले, "उधाण थांबत नाही, धोंडीबा. उघडा भट्टी."

धोंडीबांनी उघडली.

पौर्णिमेच्या सकाळी मचवा काठाला लागला. आवडाबाई कौले उचलू लागली आणि दहाव्या-बाराव्या कौलाशी थांबली. तिने बोटाने वाजवले. दुसरे वाजवले. मग ती तडक कचेरीत आली, वाकली आणि मला दाराखालून ओढून काढले. दार धाडकन आपटले. आत उत्तमराव लिहीत होते, ते दचकून उभे राहिले. ती तशीच बाहेर गेली. तिच्या मुठीत मी किती दिवसांनी आले होते!

थप्प. थप्प. खण्ण. थप्प.

भट्टीच्या मधल्या थरांची कौले कच्ची होती. जवळजवळ निम्मी.

"ही नाय पाठवायची," आवडाबाई म्हणाली.

उत्तमरावांनी एक कौल दोन विटांवर आडवे ठेवले आणि त्यावर उभे राहिले. कौलाने त्यांना धरले. "बघा. काही झालं का? थोडं कमी भाजलं असेल. तेवढ्याने काय होतं?"

परशुराम पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता. "आवडे, काय मांडलंस ह्ये? पाणी फिरंल आता. आज नाय गेला मचवा तर पंधरा दिस गेले. म्होरं पाऊस. पोरं अजून एक साल देवलात बसतील."

"बसू दे, दादा. देवलात त्यांच्या डोक्यावर काय पडत नाय."

"धाकले शेठ सांगतान चांगली हाईत. तू कोन सांगनार?"

"मी वाजवून सांगतय."

"आपल्याच गावाला आडवी येतेस!"

आवडाबाई कौलांच्या ढिगाऱ्यावर जाऊन बसली आणि मला मांडीवर घेतले. ही कौले मोडतील याचा पुरावा तिच्याकडे कसलाच नव्हता. सगळ्यांच्या देखत कौलाने माणूस पेलला होता. मचवा हाकणारा तांडेल वरून ओरडत होता, की भरती आता थोडाच वेळ आहे.

तेवढ्यात भट्टीमागून धोंडीबा आले. त्यांनी कोणाकडे पाहिले नाही. ढिगातले एक कच्चे कौल उचलले, एक पक्के उचलले आणि दोन्ही चिखलाच्या हौदाशेजारच्या पाण्याच्या टाकीत सोडली.

"आच बसली न्हवती," ते म्हणाले. "मला ठावं व्हतं. भट्टी उघडली तवाच वासावरनं कळलं. बोललो न्हाई. कोरडं कौल मानूस धरंल. पावसाळ्यात भिजंल तवा काय करंल, ते बघा."

धोंडीबा, जे एका थेंबासाठी चालत डोंबिवलीला गेले होते, त्यांना हे बोलताना किती जड गेले असेल! त्यांची मान वर होत नव्हती.

तासभर कोणी हलले नाही. खाडीचे पाणी चढले, थांबले आणि उतरू लागले. मग धोंडीबांनी दोन्ही कौले बाहेर काढून विटांवर ठेवली. उत्तमराव पुढे झाले, पण परशुरामने त्यांना हाताने थांबवले. "माज्या गावची पोरं हाईत. मी ऱ्हातो उभा."

पहिल्या कौलाने त्याला धरले. दुसऱ्यावर त्याने पाय टेकला, दुसरा पाय उचलला, आणि ते कौल भिजल्या भाकरीसारखे मोडले. मोठा आवाजसुद्धा झाला नाही.

परशुरामने वाकून एक तुकडा उचलला. मग मचव्याकडे वळून म्हणाला, "चढवलेली उतरवा." आणि बहिणीला विचारले, "गावाला काय सांगू?"

"सांग, आवडीनं आडवलं."

"आन् धोंडीबानं कच्चं भाजलं, त्ये बी सांगा," धोंडीबा म्हणाले.

उत्तमरावांनी टोपी काढून घाम पुसला. "माझंही नाव सांगा," ते हळूच म्हणाले. "भट्टी मी उघडायला लावली."

मचवा रिकामा गेला.

त्या संध्याकाळी उत्तमराव डोंबिवलीला काकांकडे गेले आणि घडले ते सगळे सांगितले. पुढे त्यांनीच आवडाबाईला ते ऐकवले, म्हणून मला ठाऊक. शेठ अंथरुणावर उशीला टेकून ऐकत होते. रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "स्टेशनावरची ती पाटी तू लिहिलीस ना?"

"हो, काका."

"चांगली आहे. पण 'विसरून जा' हे गिऱ्हाइकाला सांगायचं. आपण नाही विसरायचं."

चौथ्या दिवशी खाडीतून तीन लहान होड्या आल्या. पुढच्या होडीत परशुराम होता. गावात वठून गेलेला एक जुना आंबा होता, तो तोडून त्याचे खडखडीत वाळलेले लाकूड बाळकुमकरांनी पाठवले होते. "गाव म्हनालं, आपल्या पोरांच्या डोक्यावरचं हाय, आपलं लाकूड जलू दे," परशुराम म्हणाला. आवडाबाईने भावाच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

धोंडीबांनी ती भट्टी जशी लावली तशी मी पुन्हा कधी पाहिली नाही. सुटीच्या दिवशीही सगळे आले. उत्तमराव बाह्या सारून लाकडे वाहत होते. कच्ची कौले त्यांनी स्वतःच्या हाताने फोडली आणि आवारातल्या वाटेवर पसरली. अमावास्येच्या उधाणाला मचवा भरला तेव्हा प्रत्येक कौल मी वाजवले होते. मीही मचव्यातून बाळकुमला गेले, कारण लाटांच्या धक्क्याने एखाद्याला तडा गेला तर? आवडाबाईने धक्क्यावर बसून सगळी कौले पुन्हा वाजवली. गावच्या बायका भोवती जमल्या होत्या. त्या म्हणत होत्या, "आवडी माहेराला आली नि दगडावानी बसूनच ऱ्हायली!"

नंतर उत्तमराव रोज थोडा वेळ तिच्याजवळ बसून कौल ऐकायला शिकू लागले. त्यांना पहिला महिनाभर सगळी सारखीच वाटत. आवडाबाई हसायची, "शेठ, तुमचा कान मुंबैला ऱ्हायला." कारखान्यात नवा माणूस लागला की पहिला दिवस त्याला तिच्याजवळ बसवायचे, अशी रीतच पडली. चिखल तुडवणारा असो, की कचेरीत बसणारा असो.

आता शेवटचे सांगते. गेल्या वर्षीची, म्हणजे १९५८ची गोष्ट. आवडाबाई मला घेऊन कौले वाजवत होती आणि धोंडीबांची सून शेवंती ती उचलून नेत होती. दोन मुलांची आई, कामाला चलाख. आवडाबाईने एक कौल वाजवले, "खणखणीत," म्हणाली आणि पुढे सरकवले. शेवंती घुटमळली.

"मावशी, हे परत वाजवता का?"

आवडाबाईने वाजवले. थप्प. तो आवाज माझ्या दांड्यातून तिच्या तळव्यात गेला, पण कानापर्यंत पोचला नाही. तिने तिसऱ्यांदा वाजवले. मग शेवंतीच्या तोंडाकडे पाहिले आणि तिला कळले.

शेवंती कोणाला बोलली नसती. आणखी दोन वर्षे सहज निघाली असती. पण आवडाबाई उठली, मला पदरात घेतले आणि कचेरीत गेली.

"शेठ, माझा कान गेला. उद्यापासून मना वाजवायला देव नका."

उत्तमराव खुर्चीवरून उठले. "मावशी, तुम्ही नुसत्या बसा. शेवंती वाजवेल. पण तुमचं नाव असू द्या. लोक तुमच्या नावावर कौलं नेतात."

"नावाला बसू?" आवडाबाई म्हणाली. "वरनं लाल नि आत कच्ची? मंग त्या कौलात नि माज्यात फरक काय ऱ्हायला?"

उत्तमरावांनी वाकून तिला नमस्कार केला. तिने मला शेवंतीच्या हातात दिले. महिनाभर ती शेवंतीच्या मनगटाला धरून शिकवत राहिली, आणि शेवंतीचा कान तयार झाला, तशी एका सोमवारपासून घरीच राहिली.

शेवंतीची मूठ लहान आहे. माझा दांडा तिला जाड होतो, माझे डोकेही एका बाजूने खोल झिजले आहे. म्हणून यंदा तिच्यासाठी नवी हातोडी झाली. उत्तमरावांनी मला काचेच्या कपाटात ठेवले आहे. पाहुणे येतात, वाकून बघतात, "वा!" म्हणतात. बाहेरून नव्या हातोडीचा आवाज येत असतो. मी तोच ऐकत असते. दिवसातून एखाद्या वेळी 'थप्प' येते. मग लगेच ते कौल फोडल्याचा आवाज. तो ऐकला की माझा जीव निवांत होतो.

मित्रांनो, माझे कौतुक करू नका. काचेतल्या हातोडीचा कोणाला काय उपयोग? तुम्ही मोठे व्हाल, कुठेतरी कामाला लागाल, तुमच्या कामावर कसली ना कसली छाप असेल. ती छाप उठवण्याआधी काम एकदा वाजवून बघा. आवाज बद्द आला आणि आजूबाजूला कोणी ऐकले नसले, तरी ते पुढे सरकवू नका. ते कौल कोणाच्या तरी डोक्यावर जायचे असते.